येतो म्हणजे नेमके काय?

खात्यात पैसे नसताना चेक फाडून देणाऱ्या माणसाची आपल्या कायद्याने गय केलेली नाही. परक्राम्य संलेख अधिनियम नावाचा एक कायदा आहे. (हे नाव एका दमात म्हणता आले की बी.कॉम.ची निम्मी परीक्षा पास झाल्यासारखी असते.) त्यात १९८९ सालच्या १ एप्रिलपासून कलम १३८ अमलात आले. तारीख १ एप्रिल असली तरी प्रकरण थट्टेचे नाही. चेक वटला नाही तर आज दोन वर्षांपर्यंत कैद, नाहीतर चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही, अशी त्यात सोय आहे. त्यामुळे आमच्या काउंटरवर येणारी भलीभली माणसे चेकवर सही करताना एकदा पासबुकाकडे आणि एकदा देवाकडे बघतात.

आता दुसरा माणूस पाहा. त्याला आपण घरच्या कार्याची पत्रिका दिली. अक्षता दिल्या. त्याने त्या कपाळाला लावल्या, चहा पाजला, आणि दारापर्यंत पोचवायला येऊन सांगितले, "येतो म्हणजे काय, येणारच!" त्याच्या या तोंडी चेकवर विसंबून आपण तांदूळ भरले, गहू दळले, आचाऱ्याला आकडा दिला. आणि ऐन पंगतीच्या वेळी हा गृहस्थ वटला नाही. त्याच्यासाठी कलम कोणते? कोणतेही नाही. उलट दोन महिन्यांनी तो वाशीमच्या पाटणी चौकात भेटतो तेव्हा आपणच ओशाळल्यासारखे म्हणतो, "अहो, वाट पाहिली तुमची." आणि तो म्हणतो, "यायचंच होतं हो, पण..." या 'पण'च्या पुढचे वाक्य आजवर कोणीही पुरे केलेले नाही. तिथे हात नुसता हवेत फिरवायचा असतो.

चेकला निदान मुदत तरी असते. २०१२ पासून ती तीन महिन्यांची आहे, त्याआधी सहा महिन्यांची होती. 'येतो'ला मुदत नाही, रक्कम नाही, आणि किती माणसे 'येतो' हेही त्यावर लिहिलेले नसते. तो कोरा चेक आहे, आणि तो घेणाऱ्याच्याच खात्यातून वटतो.

गेली बावीस वर्षे मी लोकांच्या सह्या तपासत बसलो आहे. त्या अनुभवावर माझे स्पष्ट मत असे आहे, की निमंत्रणाला नेमके उत्तर न देणे हा भिडस्तपणा नाही, प्रेमळपणा नाही, साधेपणा तर मुळीच नाही. ती दुसऱ्याच्या पैशाची उधळपट्टी आहे. हे वाचून माझे अर्धे नातेवाईक रागावतील. रागावले तर निदान ते पुढच्या कार्याला येणार नाहीत एवढे तरी नक्की होईल.

मूळ दोष थोडासा भाषेचाही आहे, हे मान्य केले पाहिजे. मराठी माणूस घरातून बाहेर पडताना 'जातो' म्हणत नाही. ते अशुभ. तो म्हणतो, 'येतो'. म्हणजे ज्या भाषेत निघून जाणारा माणूस 'येतो' म्हणतो, त्या भाषेत न येणाऱ्याने 'येतो' म्हटले तर व्याकरण त्याच्याच बाजूचे आहे. त्यातून आमचे वऱ्हाड! इथे 'येतो' एवढ्या एका शब्दावर कोणी भागवत नाही. "येतो ना भाऊ, काहून नाही येनार? अरे, आपल्या घरचं काम हाय! दोन दिस आधी येतो. तू फिकीरच करू नको." हे वाक्य जितके लांब, तितका माणूस येण्याचा संभव कमी, असे मला दिसून आले आहे. ज्यांना खरोखर यायचे असते ते मुहूर्त किती वाजता आहे ते विचारतात. 'आपल्या घरचं काम' म्हणणारे ते कधीच विचारीत नाहीत. कारण आपल्या घरच्या कामाला कोणी वेळ विचारतो का?

'येतो'च्या खालोखाल 'पाहू' आहे. मग 'जमलं तर', 'बहुतेक', 'पोरांच्या परीक्षा पाहून', 'पाऊसपाणी पाहून', आणि ज्याच्यापुढे सगळेच हात टेकतात असे 'देवाच्या मनात असलं तर'. या शेवटच्या उत्तराने निर्णयाची जबाबदारी थेट वर गेल्यामुळे पुढे चौकशीला जागाच उरत नाही. रेल्वेने ही अडचण फार पूर्वी सोडवली आहे. तिथे माणूस कन्फर्म असतो, आर.ए.सी. असतो, नाहीतर वेटिंगवर असतो, आणि तक्ता लागला की सगळ्या गाडीला ते कळते. आमचे मुंबईचे साडू याच रेल्वेने अकोल्यापर्यंत येतात. तिकीट त्यांनी साठ दिवस आधी काढलेले असते, कोणत्या डब्यात कितव्या बाकावर बसणार हे त्यांना पाठ असते. पण "मंगळवारी आमच्याकडे जेवायला आहात ना?" असे विचारले की म्हणतात, "बघू या, आधी पोचू तर दे."

इंग्रजांनी पत्रिकेच्या खालच्या कोपऱ्यात आर.एस.व्ही.पी. ही चार अक्षरे ठेवून दिली. अक्षरे इंग्रजी, पण मागचे वाक्य फ्रेंच. अर्थ एवढाच, की कृपा करून उत्तर द्या. आपल्याकडे ही अक्षरे आली तेव्हा त्यांचे काय करायचे हे कोणाला कळेना. म्हणून त्यांच्याखाली काका, मामा, आत्याबाई आणि दोन मोबाइल नंबर छापायची पद्धत पडली. आमच्या शाखेतले एक जुने सहकारी तर आर.एस.व्ही.पी. म्हणजे निमंत्रकांची आद्याक्षरे समजत. एका पत्रिकेखाली रामराव, सुभाष, वसंता आणि प्रकाश अशी नावे योगायोगाने निघाली, तेव्हापासून ते कोणाचेही ऐकेनात. त्या नंबरांवर फोन येतात, नाही असे नाही. पण ते "हॉल नेमका कुठं आहे हो?" हे विचारायला, आणि तेही वरमाला घालून झाल्यावर.

यावर कोणी म्हणेल, की हे नसते इंग्रजी फॅड आमच्या गावरान माणसांना कशाला? इथेच मला वाद घालायचा आहे. मोजून बोलावणे आणि मोजून जाणे हे आपलेच होते. ते आपण गमावले.

आमच्या खेड्यांतून जेवणाचे आवतन देताना ते कोणत्या प्रकारचे आहे हे दारातच सांगत. चूलबंद आवतन म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी यायचे. घरटी एक म्हणजे एकच. बोलवणाऱ्याला गावातली घरे ठाऊक, घरातली माणसे ठाऊक. सांगून झाले की मनातल्या मनात बेरीज तयार. आणि एवढ्यावर काम संपत नसे. स्वयंपाक उतरला की एक पोरगा पुन्हा दारोदार जाऊन "चला जी जेवाले" म्हणून हाक देई. त्या वेळी ज्याला जमत नसे तो तोंडावर सांगे, की बाप्पा, आज माझा उपास आहे. यात कोणाचा अपमान होत नसे. बायकांचा कारभार तर याहून चोख. घरी सवाष्ण जेवायला सांगायची तर आदल्या दिवशी सांगणार, आणि तिला जमत नसेल तर ती तिथल्या तिथे सांगणार, कारण पाच म्हणजे पाच आणि सात म्हणजे सात. भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या जेवणाला कोणत्याही घरी जाऊन पाहा. आंबील किती वाट्या लागणार याचा अंदाज त्या घरच्या म्हातारीचा चुकत नाही. कारण ती 'सहकुटुंब सहपरिवार' असे मोघम कोणालाच सांगत नाही. मुळात पत्रिकाच काढत नाही.

घोटाळा झाला तो पत्रिका छापून आल्यावर. 'सहकुटुंब, सहपरिवार, इष्टमित्रांसह' हे शब्द ज्याने पहिल्यांदा जुळवले त्याने स्वतःच्या घरी पंगत घातलेली नसावी. कुटुंब म्हणजे किती? परिवार म्हणजे कुठवर? आणि इष्टमित्रांना आपण ओळखत तरी असतो का? त्याच्यावर कळस म्हणजे ते वाक्य: 'नजरचुकीने आमंत्रण न मिळाल्यास हेच आमंत्रण समजावे.' ज्याला आमंत्रण मिळालेच नाही त्याने हे वाक्य वाचायचे कुठे, हा प्रश्न मी तीन छापखान्यांत विचारून पाहिला. तिन्हीकडे उत्तर एकच मिळाले: "साहेब, हा मजकूर कायमचा जुळवलेलाच आहे."

आणि आता तर पत्रिका मोबाइलवर येते. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली, की समोरच्याने पाहिल्याच्या दोन निळ्या खुणा उमटतात. म्हणजे पाहिली एवढे नक्की. मग एक हात जोडलेले चित्र येते. त्याचा अर्थ 'येतो' असा की 'माफ करा' असा, हे जोडलेल्या हातांनाच ठाऊक. काही जण अंगठा दाखवतात. आमच्या लहानपणी कोणाला अंगठा दाखवणे म्हणजे काय होते ते मी इथे सांगत नाही. पण त्याच अर्थाने घेतला तर अंदाज बरोबर येतो. सगळ्यांत स्पष्ट उत्तर 'हार्दिक शुभेच्छा' हे. ज्याने शुभेच्छा आगाऊ पाठवल्या तो प्रत्यक्ष येत नाही.

हे सगळे हसण्यावारी नेता आले असते. पण आमच्या काउंटरच्या अलीकडे जे दिसते ते पत्रिकेत नसते.

मालेगावकडच्या एका खेड्यातला आमचा जुना खातेदार. जमीन सहा एकर, कोरडवाहू. २०२५ च्या उन्हाळ्यात त्याच्या मुलीचे लग्न होते. त्याने केटरर्सला नऊशे पानांचा आकडा दिला, पावणेदोनशे रुपये पान. हल्लीचा आचारी तांदूळ-डाळीची यादी देत नाही, तो पानावर बोलतो, आणि एकदा आकडा ठरला की जेवणारे आले नाहीत तरी त्या आकड्याचे पैसे मोजून घेतो. त्याचेही बरोबरच आहे. त्याने भाजी चिरलेली असते. त्या दिवशी तीथ दाट होती, आसपासच्या गावांतून बारा-पंधरा लग्ने. प्रत्यक्षात जेवून गेली सहाशे माणसे. तीनशे पाने रिकामी. पावणेदोनशेने गुणा, साडेबावन्न हजार रुपये होतात.

मी व्यापारशाखेचा माणूस, मला रुपयाचे सोयाबीन करून पाहायची सवय आहे. २०२४ च्या हंगामाला सरकारने क्विंटलला ४८९२ रुपये हमीभाव जाहीर केला होता. बाजारात बहुतेकांच्या हाती त्याहून कमीच पडले. पण हमीभावाने धरले तरी साडेबावन्न हजार म्हणजे पावणेअकरा क्विंटल सोयाबीन. एकरी पाच क्विंटल उतारा धरला तर दोन एकरांचे अख्खे पीक. पेरणी, फवारणी, कापणी, मळणी, सगळे करून आणलेले दोन एकर, आणि ते खायला कोणी आलेच नाही. दुसऱ्या दिवशी बुंदी वाटता आली. वरण आंबले. भात गुरांना घालावा तर गुरांची पोटे फुगतात, म्हणून शेताच्या कडेला खड्डा खणून त्यात पुरला. अन्न पुरताना त्याच्या आईने खड्ड्याला हात जोडले म्हणे.

पंधरा दिवसांनी तो सोनेतारणाच्या टेबलावर बायकोची पोत घेऊन आला. मी म्हटले, "भाऊ, आधी एकेकाला विचारून घ्यायचं होतं, किती जण येता म्हणून." तो माझ्याकडे असा पाहू लागला की जणू मी त्याला सोयऱ्यांच्या घरी चोरी करायला सांगत होतो. म्हणाला, "साहेब, सात गावचे सोयरे 'येतो' म्हनले. आता कोनाले काय इचारू? इचारलं त म्हनतील, दोन घास जड झाले का याले?"

त्याचे खोटे नव्हते. विचारले की अपमान. न विचारले की साडेबावन्न हजार. आणि त्याने अडीचशेच पाने सांगितली असती आणि जेवण कमी पडले असते, तर तीच सात गावे पुढची सात वर्षे म्हणत राहिली असती, की अमक्याच्या पोरीच्या लग्नात वरण पुरले नाही. आमच्याकडे बापाची अब्रू वरणाच्या पातेल्यात असते. म्हणून तो दीडपट सांगतो. बँकाही संशयित आणि बुडीत कर्जासाठी तरतूद करतात, पण ती नफ्यातून करतात. हा माणूस संशयित पाहुण्यांसाठी कर्जातून तरतूद करतो.

ऋण काढून सण आणि पंगती करू नका, हे गाडगेबाबा आयुष्यभर कीर्तनांतून सांगत फिरले. ते आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. मी बी.कॉम. झालो त्या विद्यापीठाला पुढे त्यांचेच नाव मिळाले. बाबांनी यजमानाचे कान उपटले ते योग्यच होते. पाहुण्याचे कान मात्र अजून कोणी धरलेले नाहीत. ते काम मी अंगावर घेतले आहे.

मी नुसते बोलत नाही. गेल्या वर्षी हिंगोली नाक्याच्या पुढे आम्ही घर बांधले, त्याच्या वास्तुशांतीला मी प्रयोग करायचे ठरवले. यादीत १२० घरे होती. मी वहीत तीन रकाने पाडले: येतो, नाही, पाहू. आणि रोज संध्याकाळी पंधरा घरांना फोन लावू लागलो.

"हे काय चालवलंय?" सौ. म्हणाली.

"किती जण येणार ते विचारतोय."

"लोक म्हणतील, ताटं मोजतात."

"ताटं केटरर मोजतोच. मी माणसं मोजतो."

"माझ्या माहेरच्यांना फोन करायचा नाही. सांगून ठेवते."

त्यामुळे तिच्या माहेरच्या मंडळींना तिने फोन केला. पाऊण तास बोलणे झाले. नवीन पडद्यांचा रंग, मावशींचा मोतीबिंदू, कोणाच्या मुलाचे पुण्यात ठरले, सगळे झाले. फोन ठेवल्यावर मी विचारले, किती जण येताहेत? ती म्हणाली, "असं कसं विचारणार?"

तरी आठ दिवसांत तक्ता पुरा झाला. ५२ घरे 'येतो', ५९ घरे 'पाहू', आणि ९ घरे 'नाही'. वास्तुशांतीच्या दिवशी मी वही घेऊन दारात उभा राहिलो (सौ.ने ती दोनदा हिसकावून घेतली). 'येतो' म्हणालेल्या ५२ पैकी आली ३१. 'पाहू'वाल्या ५९ पैकी आली ३४. आता शेकडेवारी काढा. 'येतो'चे साठ टक्के, 'पाहू'चे अठ्ठावन्न. म्हणजे वाशीम जिल्ह्यात 'येतो' या शब्दाची 'पाहू'पेक्षा जास्तीची किंमत दोन टक्के भरते. बचत खात्यावरसुद्धा आम्ही याहून जास्त व्याज दिलेले आहे. आणि 'नाही' म्हणालेल्या ९ घरांपैकी ४ घरे चक्क जेवायला हजर! त्यातले एक गृहस्थ हात धुताना मला म्हणाले, "नाही म्हटलं होतं, पण राहवलं नाही." शिवाय दुपारी दीडच्या सुमाराला अकरा माणसांचे एक कुटुंब आले, पोटभर जेवले, घराची फार तारीफ केली, आणि गेले. ते कोण होते याबद्दल सौ.चे म्हणणे ते माझ्याकडचे, माझे म्हणणे ते तिच्याकडचे.

या अकरा जणांबद्दल माझी तक्रार नाही, हे मुद्दाम सांगतो. कारण लगेच कोणीतरी 'अतिथी देवो भव' तोंडावर फेकतो. अतिथी म्हणजे, जुने लोक सांगतात त्याप्रमाणे, ज्याला तिथी नाही तो. न सांगता, अवेळी, भुकेला दारात आला तो अतिथी. त्याला आधी वाढावे, मग नाव विचारावे. आमच्या भागातल्या भंडाऱ्यांत रोडगे भाजतात तेव्हा कोणी कोणाला पत्रिका देत नाही. जो आला तो जेवला. अशा दहा-वीस पानांची सोय करायला कोणाचीच ना नसते. पण ज्याच्या पत्रिकेवर तिथी आहे, वार आहे, मुहूर्ताचा तास आणि मिनिट आहे, हॉलचा नकाशा आहे, तो कसला अतिथी?

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. दाट तीथ असली की एका घरात पाच-पाच पत्रिका असतात. आमचा जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा निघाला, पण सोयरिकींनी जिल्ह्याची हद्द कधीच मानली नाही. एक लग्न रिसोडला, एक कारंज्याला, एक मानोऱ्याला, आणि एक पलीकडे हिंगोलीला. कोण कुठे जाणार हे आधी कसे सांगायचे? मी सांगतो कसे. आदल्या रात्री ओट्यावर बसून वाटणी होतेच. बाप रिसोडला, आई आणि सून कारंज्याला, पोरगा मोटारसायकलवर हिंगोलीला, आणि मानोऱ्याला "कोणाच्या तरी हाती अहेर देऊन टाकू". एवढा चोख ताळेबंद घरात तयार असतो. तो फक्त ज्याच्या घरी चूल पेटणार आहे त्यालाच कळवायचा नसतो. हीच वाटणी रविवारऐवजी बुधवारी करा, आणि एक फोन फिरवा: "आमच्या घरून दोघे." दोन शब्द आणि एक आकडा. पाऊण तास बोलायची सवय आहेच, त्यात हे तीन सेकंद.

आणि हे आपल्याला जमत नाही असे कोणी म्हणू नये. २०२० च्या मे महिन्यात सरकारने लग्नाला पन्नासच माणसे असा नियम केला. २०२१ च्या २२ एप्रिलपासून तर आपल्या राज्यात पंचवीस माणसे, एकच हॉल, दोन तासांत सगळा समारंभ, आणि मोडला तर पन्नास हजार दंड. त्या दिवसांत या जिल्ह्यातल्या एकेका घरी बसून लोकांनी पंचवीस नावे काढली. दोन्हीकडचे आईबाप, मामा, आत्या, भटजी, फोटोवाला. सव्विसावे नाव आले की पहिल्या पंचविसांतले एक खोडावे लागे. ज्यांना बोलावता आले नाही त्यांना घरच्यांनी स्वतः फोन करून सांगितले, आणि ऐकणाऱ्यांनी समजून घेतले. जे जाणार होते त्यांनी 'पाहू' म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही. त्यांतली बरीच लग्ने फार वाईट दिवसांत झाली, काहींच्या पंचविसांतले एखादे माणूस पुढच्या महिन्यात नव्हते. ते दिवस परत यावेत असे कोणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण माणसे मोजली म्हणून त्या लग्नांत प्रेम कमी होते, असे एकाही जावयाने आजवर मला सांगितलेले नाही.

तेव्हा यजमानाने निर्लज्जपणे विचारावे, हा एक भाग झाला. पण माझा खरा दावा पाहुण्यावर आहे. आपण 'नाही' म्हणणाऱ्या माणसाला फार वाईट वागवतो. तो नाही म्हणाला की लगेच "का बरं? काही चुकलं का आमचं?" अशी उलटतपासणी सुरू. त्याने आजार सांगितला की औषध सुचवतो, दुसरे लग्न सांगितले की "ते काय, आमचं काय" असे मोजमाप काढतो. एवढे सोसण्यापेक्षा 'येतो' म्हणून मोकळे होणे स्वस्त पडते, म्हणून तो 'येतो' म्हणतो. आमच्या बँकेत कोणी वेळेआधी येऊन "या महिन्याचा हप्ता जमणार नाही" असे सांगितले तर साहेब त्याला खुर्ची देतात, पाणी मागवतात. कारण सांगायला आलेला माणूस बुडवणारा नसतो.

माझ्या एक चुलत काकू मंगरुळपीरला असतात. वय ऐंशीच्या पुढे. वास्तुशांतीच्या बरोबर नऊ दिवस आधी त्यांचा फोन आला. मी काही विचारायच्या आतच म्हणाल्या, "हे पाय बाबू, मी काई येत नाही. गुडघे सुजले, गाडीत बसवत नाही. माहं पान धरू नको. अन् बाळ्याले पाठवते, तो एकलाच येईन, त्याची बायको माहेरी गेली." एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला. 'नाही' हा रकाना मी उघडला होता तेव्हापासूनचे ते पहिले नाव. बाळ्या आला, एकटाच आला, बारा वाजता सांगितले होते तर पावणेबाराला आला. जाताना त्याच्या हाती मी काकूंसाठी लाडवांचा डबा आणि एक साडी दिली. सौ. म्हणाली, "न येणाऱ्यांना साडी?"

आता पुढच्या महिन्यात धाकट्या भावाच्या मुलीचे लग्न आहे. केटररला आकडा शुक्रवारपर्यंत द्यायचा आहे, आणि यादी या वेळी २१० घरांची आहे. काकूंचा फोन कालच येऊन गेला. गुडघे बरे आहेत, दोघे येताहेत. उरली २०९.